रानाच्या कडेची पेटी

(दृश्य: पाटगाव, सकाळ. धुक्यातून वर येणारी झाडी. मग मधपेटी, जवळून.)

कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. मधाचं गाव अशी आता याची ओळख आहे. पेटी उघडणारे हे मामा कैक वर्षं सातेरी माश्या सांभाळतात. पेटीच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या बघा. मुंग्या चढू नयेत म्हणून ठेवल्यात. खालच्या खणात पिल्लं, वरच्या खणात मध. मामांचा हात फक्त वरच्या खणात जातो, तोही मोज्याशिवाय. आमच्या कॅमेरामनला दोन डंख बसले. पुढचे शॉट जरा लांबून आहेत ते त्यामुळं.

पेटी कुठं ठेवायची, हे विचारल्यावर मामांनी हातानंच दाखवलं. "हितं, रानाच्या कडंला. खाली उसात ठिवली तर माशी उपाशी मरंल. उसात तिला काय हाय?"

(दृश्य: जांभळीच्या झाडावर माश्या. मग टेबलावर कॉफीचे दाणे.)

रान शेजारी असल्यानं नेमका किती फायदा होतो, हे पैशांत मोजायचा उद्योग एका अमेरिकन शास्त्रज्ञानं केला. टेलर रिकेट्स. त्यांची मुलाखत आमच्याकडे नाही, आणि त्यांनी ज्या मळ्यात काम केलं तो आहे कोस्टारिकात. तेव्हा त्यांची गोष्ट पाटगावच्या रानात उभं राहूनच ऐकू.

मळा कॉफीचा. शेजारी जंगलाचे दोन तुकडे राहिलेले, एक ४६ हेक्टरचा आणि दुसरा १११ हेक्टरचा. रिकेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलाजवळची झुडपं निवडली, मधली निवडली, लांबची निवडली. एकाच झुडपाच्या काही फांद्यांवरच्या फुलांना त्यांनी स्वतःच्या हातानं पराग लावले आणि बाकीच्या फांद्या माश्यांवर सोपवल्या. मग फळं धरेपर्यंत थांबले. लांबच्या झुडपांवर हातानं पराग लावलेल्या फांद्या जास्त फळल्या. म्हणजे तिथं माश्या कमी पडत होत्या. जंगलाजवळ मात्र माश्यांचं काम चोख होतं.

आता हा दाणा बघा. कॉफीच्या एका फळात दोन दाणे असतात, एका बाजूनं चपटे, एकमेकांना पाठ लावून बसलेले. परागीभवन नीट झालं नाही की दोनाऐवजी एकच दाणा तयार होतो, वाटाण्यासारखा गोल. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानातून आणलेल्या पाव किलोत असा गोल दाणा हुडकायला आम्हाला अर्धी दुपार लागली. रिकेट्स यांनी मात्र मळ्यातल्या झुडपांवरच त्यांची मोजदाद केली. जंगलाजवळ असे दाणे २७ टक्क्यांनी कमी होते. आणि जंगलापासून साधारण किलोमीटरभराच्या आत उत्पन्न २० टक्क्यांनी जास्त होतं.

मध्ये एक वर्ष असं आलं की परदेशी मधमाश्या एकदम घटल्या. लांबच्या झुडपांचा सगळा भार त्यांच्यावरच होता. जंगलाजवळ मात्र रानातल्या देशी माश्यांनी ती जागा भरून काढली. एकाच जातीवर विसंबायचं नसतं, हे सातेरी, आग्या, फुलोरी ओळखणाऱ्या मामांना सांगायला नको.

सगळा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या एका मळ्याला जंगलाचे ते दोन तुकडे वर्षाकाठी सुमारे ६० हजार डॉलर मिळवून देत होते. पावती न फाडता.

पुढं कॉफीचे भाव पडले. मळेवाल्यांनी कॉफी काढून अननस लावला. अननसाला माशी लागत नाही. जंगल जागच्या जागी उभं आणि ६० हजार गायब. पर्यावरणशास्त्रज्ञ डग्लस मॅककॉली यांनी २००६ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात नेमकं यावरच बोट ठेवलं.

(दृश्य: ड्रोन. बिद्री, मुरगूडकडचं शिवार. क्षितिजापर्यंत ऊस.)

आपला अननस हा असा दिसतो.



उसाला माशी नको, पण पाणी हवं.  

पाण्याचीही एक गोष्ट रिकेट्स यांच्याकडं आहे. मधल्या काळात ते डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेत होते, निसर्गाची किंमत मोजणाऱ्या नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टच्या संस्थापकांपैकी एक होते. २०११ मध्ये ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, व्हरमाँट विद्यापीठाच्या गुंड इन्स्टिट्यूट या पर्यावरण संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला आयरीन वादळ व्हरमाँटवर आलं. ऑटर क्रीक नदीला पूर आला. वरच्या अंगाला असलेल्या रटलंडला तडाखा बसला. तेच पाणी खाली मिडलबरी गावाकडं निघालं आणि वाटेतच मंदावलं. मध्ये नदीकाठाला दलदल होती, मोकळी सपाट जमीन होती. पाणी तिथं पसरलं, थांबलं, मग सावकाश खाली आलं.

केरी वॉटसन यांच्यासोबत रिकेट्स यांनी हाही हिशेब मांडला आणि तो २०१६ मध्ये छापून आला. त्या दलदलीमुळं आयरीनच्या पुरात मिडलबरीचं नुकसान ८४ ते ९५ टक्क्यांनी कमी झालं. दहा पुरांची सरासरी काढली तर ५४ ते ७८ टक्क्यांनी. वर्षाला किंमत १ लाख २६ हजार ते साडेचार लाख डॉलर. आणि या हिशेबात कुठलंच पीक नाही. कुणी काहीही लावो, पाणी यायचं तेव्हा येणारच.

(दृश्य: प्रयाग चिखली, संगम. मग नदीकाठची मळी.)

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवी सरस्वती, ती गुप्त आहे. इथून पुढं पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ फूट झालं की धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत परत तेच.

ही मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. काळी, भुसभुशीत, पायाचा ठसा उमटणारी. पंचगंगेचं जादा पाणी पूर्वीपासून हिच्यावरच पसरत आलंय. सातबाऱ्यावर ही शेतजमीन आहे. बाजारात हिचा भाव गुंठ्यावर ठरतो, आणि रस्त्यालगत असेल तर बोलायलाच नको. पुराचं पाणी चार दिवस अंगावर धरून ठेवल्याबद्दल हिच्या मालकाला कुणी रुपयाही देत नाही. मुरूम टाकून भराव केला तर मात्र देतात.

(दृश्य: डंपर. मुरमाचा ढीग. ढिगापलीकडं नदी. १२ सेकंद.)

(दृश्य: चिखलीतल्या एका घराची भिंत. पुराच्या पाण्याच्या दोन खुणा, एकीवर २०१९, दुसरीवर २०२१. खाली उंबऱ्यावर बसलेल्या आजी शेंगा सोलताहेत. इथं निवेदन नको, शेंगांचा आवाज राहू द्या.)