एका बाजूचा हात उडतोय? लगेच फिट म्हणू नका!

नमस्कार मंडळी. मिरजेतून बोलतोय, ओपीडी आत्ताच संपली. मागच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "भावाला एचआयव्ही आहे, आठवडाभर डावा हात आपोआप उडतोय, फिटची गोळी देऊ का?"

आपल्या मनाने देऊ नका.

एचआयव्ही काय, एड्स काय, ते तुम्हाला माहीत आहे. सीडी-४ म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी. रक्त तपासणीत त्या १००च्या खाली गेल्या की अंगात वर्षानुवर्षं निपचित पडलेला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी जागा होतो आणि मेंदूत गाठी करतो. मेंदूत खोलवर सबथॅलॅमिक न्यूक्लिअस आहे, जेमतेम चवळीच्या दाण्याएवढा. हालचालींना लगाम तो घालतो. उजवीकडे तिथे गाठ झाली की डावा हात-पाय भिरकावला जातो. याला हेमिबॅलिझम म्हणतात. टीबी किंवा खुद्द एचआयव्हीनेही कंप, मंदपणा येतो, पण त्यावर नंतर कधीतरी.

आता नीट ऐका. मोठ्या फिटमध्ये शुद्ध हरपते आणि ती सहसा काही मिनिटांत थांबते. इथे माणूस तुमच्याशी बोलतोय, चहा मागतोय, आणि हात दिवसभर चालूच. झोप लागली की मात्र शांत! इथेच घरचे फसतात. "झोपेत थांबतं, म्हणजे नाटक करतोय." अहो, नाटक नाही! झोपेत थांबणं हे या आजाराचं लक्षणच आहे. याच गाठीने फिटही येऊ शकते, म्हणून एमआरआय हवाच. जागेपणी आणि झोपेत, दोन्ही वेळचा हात मोबाइलवर शूट करून आणा.

एका ताईंनी विचारलंय, मांजर सोडून देऊ का? नको. हा परजीवी मांजराच्या घाणीतून आणि कच्च्या मटणातून अंगात जातो खरा, पण संसर्ग बहुधा जुनाच असतो. मांजराची घाण मात्र दुसऱ्या कुणीतरी काढावी, मटण पूर्ण शिजवावं.

आणि डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवू नका. गुप्तता राखणं २०१७च्या कायद्याने बंधनकारक आहे.

तासगावकडचे एक द्राक्षबागेत राबणारे काका आले होते. "अंगात आलंय" म्हणून पंधरा दिवस देवऋषीकडे गेले, आणि एचआयव्हीचं घरात कुणी बोलेना. मला फार वाईट वाटलं. या परजीवीवरचं औषध, को-ट्रायमॉक्साझोल, सुरू केलं, किमान सहा आठवडे घ्यावं लागतं. दोन आठवड्यांनी पुन्हा एमआरआय केला तर गाठ लहान झालेली, मग एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू केली. हात अजून थोडा हलतो. पण ऑक्टोबर छाटणीला त्यांनी कात्री धरली.