झडपेचा आजार आणि इतर शस्त्रक्रियांची जोखीम

श्रोतेहो, परळच्या रुग्णालयांत गुडघा, हर्निया किंवा पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी अनेक रुग्ण फिटनेसचा कागद घ्यायला येतात आणि त्यावर 'फिट' एवढा एक शब्द लिहून मिळाला की निर्धास्त होतात. ज्यांच्या हृदयाची झडप बिघडलेली आहे, त्यांच्या बाबतीत मात्र हा शब्द अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे. झडप कोणती, ती अरुंद झाली आहे की गळते आहे, दोष किती तीव्र आहे आणि त्याचा त्रास होतो का, हे भूलतज्ज्ञाला आधीच कळायला हवे.

सर्वांत सावध राहावे लागते ते महाधमनीच्या झडपेच्या अरुंदपणात. निरोगी माणसात या झडपेचे तोंड सुमारे 3 ते 4 चौरस सेंटीमीटर असते. ते 1 चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून कमी झाले की आजार तीव्र समजतात. पाठीतून भूल दिल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. निरोगी हृदय जास्त रक्त फेकून ही घट भरून काढते. अरुंद झडपेमागचे हृदय ते करू शकत नाही, मग त्याच्याच स्नायूला रक्त कमी पडते आणि दाब आणखी कोसळतो.

धाप, छातीत दुखणे आणि चक्कर ही या आजाराची लक्षणे. पण गुडघेदुखीचा रुग्ण मुळात चालतच नसल्याने 'दम लागत नाही' असे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून मी विचारतो, "दादरचा पूल न थांबता चढता का?" "पूल कधीच सोडला, डॉक्टर, आता टॅक्सीनेच जातो," असे उत्तर आले, तर स्टेथोस्कोप छातीच्या उजव्या बाजूला, वरच्या भागात जरा जास्त वेळ ठेवावा आणि इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. तीव्र दोष आणि लक्षणे दोन्ही असतील, तर गुडघ्याला थांबवून आधी झडपेचा विचार करावा. 2002 मध्ये फ्रान्समध्ये हृदयतज्ज्ञ अ‍ॅलन क्रिबिए यांनी प्रथम केलेला, छाती न उघडता झडप बसवण्याचा उपाय आज अनेक वृद्धांना उपलब्ध आहे. खुब्याचे हाड मोडले असेल, तर मात्र फार थांबणेच धोक्याचे. तिथे धमनीत नळी घालून क्षणोक्षणी दाब पाहत, बेताने भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते.

संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेत, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेत, घातक ठरते ती ठोक्यांची गती. नाडी वाढली की डावा खालचा कप्पा भरायला वेळ उरत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचते. वेदना, ताप किंवा सलाइनचा अतिरेक एवढेही त्याला पुरते. गळणाऱ्या झडपा, हृदयाची ताकद टिकून असेल तर, भूल बऱ्यापैकी सोसतात.

कृत्रिम धातूची झडप असलेल्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, कारण झडपेवर गुठळी बसून ती अडकू शकते. मोतीबिंदूसाठी बहुधा ती थांबवावी लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी, म्हणजे वॉरफरिन, साधारण 5 दिवस थांबवून, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) पाहून, गरजेप्रमाणे मध्ये हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन देतात. गोळी पुन्हा कोणत्या तारखेपासून आणि किती घ्यायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.