सावलीचा सौदा

जून १९९१. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि दीड कोटी टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात जाऊन पोहोचला. तिथे त्याचे सूक्ष्म थेंब झाले, पृथ्वीभर पसरले, थोडा सूर्यप्रकाश माघारी परतवू लागले. पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान सुमारे ०.५ अंशाने उतरलं.

हेच माणसाने मुद्दाम केलं तर? २००६ मध्ये नोबेल विजेते पॉल क्रुट्झन यांनी हा विचार मांडला, पण नाइलाजाचा उपाय म्हणून. उत्सर्जन घटवणंच उत्तम, हेही त्यांनी बजावलं होतं.

२०२२ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात मेक सनसेट्स या अमेरिकी स्टार्टअपने फुगे सोडले. आत हेलियम आणि काही ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. परवानगी घेतलेली नाही. मोजमापाचं यंत्रही बसवलेलं नाही, त्यामुळे वायू किती उंचीवर सुटला हे सोडणाऱ्यांनाही कळलं नाही. विक्रीचा दर मात्र ठरलेला: ग्रॅमला १० डॉलर. दावा असा, की एक ग्रॅम म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडच्या उष्णतेची एका वर्षाची भरपाई. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने अशा प्रयोगांवर बंदी आणण्याचं जाहीर केलं.

ते ‘एक वर्ष’ नीट ऐका. हे थेंब वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो. म्हणजे फवारणी करतच राहायची. ती मध्येच थांबली, तर दाबून ठेवलेली सगळी उष्णता काही वर्षांत उसळून वर येईल. विकणाऱ्याला याहून पक्कं गिऱ्हाईक कुठे मिळणार? आणि कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचं पाणी आम्ल होत जाणं तर चालूच राहील.

पावसाचा हिशेब या दरपत्रकात नाहीच. पिनाटुबोनंतरच्या वर्षात जगभर जमिनीवरचा पाऊस घटला होता. फवारणी एकाच गोलार्धात झाली, तर मोसमी पावसाचा पट्टा सरकू शकतो, असं संगणकीय प्रारूपं दाखवतात. शेत सुकलं, तर भरपाई कुणाकडे मागायची?

संशोधन जरूर व्हावं. पण सार्वजनिक पैशातून, उघडपणे आणि लोकांना विचारून. २०२१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना अशा फवारणीच्या अभ्यासासाठी स्वीडनमध्ये फक्त उपकरणांची चाचणी घ्यायची होती, एकही कण न सोडता. आम्हाला विचारलं नाही, असा आक्षेप तिथल्या सामी या मूळनिवासी समाजाच्या परिषदेने घेतला. चाचणी थांबली, २०२४ मध्ये प्रकल्पही गुंडाळला गेला. विद्यापीठाला थांबावं लागलं. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीला असं थांबवू शकेल, असा बंधनकारक जागतिक कायदा आज नाही.