मावशीची ओवी आणि फोनमधली जागा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आवडलेलं रील आपण खालच्या खुणेवर बोट टेकवून 'सेव्ह' करतो. ते जातं कुठे? बहुतेकांना वाटतं, फोनमध्ये. पण फोनमध्ये काहीच येत नाही. आपल्या खात्यात फक्त त्याचा पत्ता नोंदला जातो. टाकणाऱ्याने ते काढलं, की त्या पत्त्यावर घरच नसतं.

हे मला मावशीमुळे कळलं. शेजारच्या पोराने तिला जात्यावर बसवून दोन ओव्या म्हणायला लावल्या आणि ते रील टाकलं. मी ते सेव्ह केलं, दिवाळीत सगळ्यांना कौतुकाने दाखवलं. पुढल्या वर्षी मावशी गेली. तेराव्याला घर भरलेलं असताना मी फोन काढला, तर रील नव्हतं. पोराने मधल्या काळात खातं बंद केलं होतं, फोनही बदलला होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! दुसऱ्या ओवीचा शेवटचा चरण आज आमच्या घरात कोणालाच आठवत नाही.

हे एका खात्याचं झालं. कधी सगळं ॲपच जातं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. शेतात, गोठ्यात, चुलीपुढे उभं राहून लोकांनी केलेले व्हिडिओ त्यावर होते. ज्यांच्या गॅलरीत प्रती होत्या, त्यांनी त्या दुसरीकडे चढवल्या. बाकीच्यांची मेहनत तिथेच राहिली.

आणि आपल्या सप्ताहाचं कीर्तन? ते आपण फेसबुकवर लाइव्ह करतो आणि निर्धास्त होतो. १९ फेब्रुवारी २०२५ पासून नवा लाइव्ह व्हिडिओ तिथे फक्त ३० दिवस राहतो. महिन्याच्या आत उतरवून घेतला नाही, तर तो पुसला जातो. मंडळाच्या एका माणसावर हे काम नावानिशी सोपवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता उतरवायचं कसं? स्वतःचा व्हिडिओ असेल तर ॲपच्या कॅमेऱ्याने काढूच नका. फोनच्या कॅमेऱ्याने काढा, मग ॲपवर टाका. मूळ प्रत आपोआप गॅलरीत राहते. ॲपमधलं गाणं जोडलेलं रील नंतर उतरवलं, तर ते मुकं येऊ शकतं. दुसऱ्याचं असेल तर शेअरच्या बाणात डाउनलोडचा पर्याय दिसतो का पाहा. इन्स्टाग्रामने सार्वजनिक रील्ससाठी तो नोव्हेंबर २०२३ मध्ये जगभर दिला, पण टाकणारा तो बंद ठेवू शकतो. तसं असेल तर सरळ मेसेज करून मूळ फाइल मागा. गावाकडची माणसं आनंदाने देतात, हा माझा अनुभव आहे. मात्र फाइल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नुसता व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि चेहरा धूसर होतो.

लिंक चिकटवून व्हिडिओ देणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत. त्यातली एखादी तुमचा पासवर्ड मागू लागली किंवा एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, बसवायला सांगू लागली, तर तिथून उठा. बँकेचे मेसेजही याच फोनवर येतात. शिवाय स्वतःपुरतं जपून ठेवणं आणि दुसऱ्याचा व्हिडिओ आपल्या नावाने पुन्हा टाकणं यात फार अंतर आहे. गाणाऱ्या बाईच्या गळ्यावर तिचाच हक्क आहे.

उतरवलेल्या फाइलला नाव द्या, कारण नुसत्या आकड्यांच्या फाइलमधून वर्षभराने काही सापडत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत, आणि तिथे गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका सोबत मिळतो. आपणही तेवढं करू शकतो. गेल्या महिन्यात मी थोरल्या आत्याला गायला बसवलं. फाइलवर तिचं नाव, माहेर, सासर आणि तारीख घातली. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक भावाकडे ठेवली. मावशीची ओवी तिला अर्धी येत होती, तेवढीही घेतली.

भाषण संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. ग्रंथपालांच्या संगणकाला केबल लावून ठेवली आहे. ज्यांच्या फोनमध्ये घरच्या कोणाचा आवाज आहे, त्यांनी पुढे या. एकेक करून उतरवून घेऊ.