तोंड आलंय?

श्रोतेहो, नमस्कार. तोंड आलंय म्हटलं की घरातलं कुणीही पटकन सांगतं, "उष्णता झाली असेल, तूप लाव." आमच्या आत्यालाही सगळ्यांनी तेच सांगितलं होतं.

आत्याला जिभेच्या उजव्या कडेला तांदळाएवढा फोड आला होता. भाकरी दुधात कुस्करून खायची, बोलताना गालावर हात. गुलकंद झाला, सब्जा झाला, शंखजिरं लावून झालं, बी-कॉम्प्लेक्सची अख्खी स्ट्रिप संपली. मी परसातल्या जाईची पानं चघळायला दिली. हल्ली गॅलरीत मनीप्लांट दिसतो, जाई दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एक वेल लावला की फुलंही मिळतात आणि पाला हाताशी असतो. असो. पाल्यानं तेवढ्यापुरता ठणका उतरायचा, दोन घास चावले की पुन्हा तेच. असा महिना गेला.

शेवटी बळेच दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत्याचंच बोट तिच्या दाढेवर टेकवलं. "लागतंय काही?" दाढेचा टवका उडाला होता, कड पत्र्यासारखी धारदार! जीभ रोज तिथंच घासली जात होती. डॉक्टरांनी कड गुळगुळीत केली, पाच मिनिटांचं काम. म्हणाले, "दहा दिवसांनी दाखवा. फोड भरला नसेल तर तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू." आठव्या दिवशी आत्यानं ठेचा मागितला.

म्हणून फोडाची जागा बघा. आज गालात, पुढच्या खेपेला ओठात, असे येणारे फोड बहुधा साधे असतात, 7 ते 14 दिवसांत भरतात. जागरण, ताण, गाल चावला जाणं, अशी कारणं असतात. सारखेच येत असतील तर बी-12, फॉलिक ॲसिड, लोह कमी आहे का, ते रक्त तपासून कळतं. तोवर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, तिखट-आंबट टाळा.

पण एकाच जागी, तीन आठवडे. पुन्हा सांगते, एकाच जागी, तीन आठवडे फोड भरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नसला तरी दाखवा. मिश्री, तंबाखू, गुटखा असेल तर तेवढंही थांबू नका.

आज रात्री दात घासताना जीभ बाहेर काढून दोन्ही कडा आरशात बघा. फोड दिसला तर कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करून ठेवा. नमस्कार.