गाडीत वाजलं तर गाणं खरं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ‘वन्स’ या सिनेमाबद्दल. डब्लिन शहरात अवघ्या 17 दिवसांत चित्रित झालेला, 2007 साली जगभर पोचलेला हा छोटा सिनेमा. दिग्दर्शक जॉन कार्नी. नायक रस्त्यावर गिटार घेऊन गातो आणि एरवी वडिलांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो. प्रेयसी लंडनला निघून गेली आहे, आणि ते दुखणं त्याच्या गाण्यागाण्यात ठसठसतं. नायिका चेक. घरी पियानो नाही, म्हणून वाद्यांच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत जाऊन वाजवते. या दोघांना सिनेमाभर नावंच नाहीत. भूमिका केल्या ग्लेन हॅन्सर्ड आणि मार्केटा इर्ग्लोव्हा यांनी, आणि दोघंही खरे गाणारे-वाजवणारे. त्यामुळे बोटं आणि सूर जुळतात. पडद्यावर गिटार धरलेल्या नटाची बोटं एकीकडे आणि सूर भलतीकडे, हे आपण फार काळ चालवून घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सांगायचा आहे तो एकच प्रसंग. कर्ज काढून ही मंडळी शनिवार-रविवारसाठी स्टुडिओ घेतात. रेकॉर्डिस्ट सुरुवातीला कंटाळलेला. रस्त्यावरचे गायक, काय गाणार! पहिलं गाणं सुरू होतं आणि तो सावरून बसतो. मग रात्र जागून काम होतं. आणि पहाटे? पहाटे तो सगळ्यांना गाडीत कोंबतो, गाडीच्या साध्या स्पीकरवर गाणी लावतो आणि समुद्राकडे निघतो. गाडीतली परीक्षा. लक्षात ठेवा, गाडीतली परीक्षा.

ही पटकथेतली गंमत नव्हे, रेकॉर्डिंगच्या धंद्यातली रोजची रीत आहे. स्टुडिओचे स्पीकर महागडे, खोली आवाज शोषणारी, तिथे सगळंच गोड लागतं. शिवाय रात्रभर ऐकून कान थकतात. थकलेल्या कानाला वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून रेकॉर्डिस्ट नकळत ते वाढवत जातो, आणि सकाळी तेच गाणं कानाला टोचतं. गाडी ही लबाडी उघडी पाडते. इंजिनची आणि टायरची घरघर खालचे सूर गिळते. बेसच्या भरवशावर उभं केलेलं गाणं तिथे पोकळ होतं. रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याची, शेपटी विरते. उरतो गळा आणि शब्द. शब्द कळले नाहीत, तर मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळताना, गळा मागे पडला आहे.

परीक्षा घ्यायची कशी? आधी कानाच्या ओळखीचं एखादं गाणं लावा, मग त्याच आवाजात आपलं. पहिल्यांदा कशाला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा काचा खाली करून. तिसऱ्यांदा आवाज इतका बारीक, की गप्पा सहज चालाव्यात. तेवढ्यातही गळा ऐकू आला पाहिजे. खटकलेलं कागदावर टिपा, आणि दुरुस्ती झोप काढून आल्यावर करा. पुन्हा सांगतो, झोप काढून आल्यावर.

या परीक्षेत गिटारीचा आवाज अचानक पातळ वाटला, तर दोष बहुधा माइकचा असतो. एकाच गिटारीला दोन माइक लावले, की आवाज दोन्हींकडे वेगवेगळ्या क्षणी पोचतो. दोन्ही एकत्र मिसळले की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून पहिला माइक गिटारीपासून जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन माइकांमध्ये ठेवतात. आणि माइक गिटारीच्या भोकासमोर नको, तिथे घुमतं. गिटारीच्या दांड्यावरच्या बाराव्या पट्टीसमोर, वीतभर किंवा थोडा जास्त लांब लावा. हॅन्सर्डच्या गिटारीला तर वाजवून वाजवून घासलेलं दुसरंही भोक आहे! नवी गिटार हातात देऊन दुःखी वादक उभा करणाऱ्या दिग्दर्शकांनी ते एकदा निरखून पाहावं.

या सिनेमातल्या ‘फॉलिंग स्लोली’ला 2008 मध्ये ऑस्कर मिळालं. मंचावर इर्ग्लोव्हाला बोलायला वेळच उरला नाही. तेव्हा जाहिरातींनंतर सूत्रसंचालक जॉन स्ट्यूअर्ट यांनी तिला परत बोलावलं. ते योग्यच झालं.

आणि आता सबटायटल. टेकडीवर नायक नायिकेला तिच्या नवऱ्याबद्दल विचारतो, तुझं त्याच्यावर प्रेम आहे का? ती चेकमध्ये म्हणते, ‘मिलुयु तेबे.’ खाली अक्षरं उमटत नाहीत. नेहमीचा शब्द ‘त्ये’. ‘तेबे’ म्हणजे जोर देऊन, आपल्या ‘च’सारखा. तुझ्यावरच. त्याला कळत नाही, तीही सांगत नाही. अशा जागी भाषांतर छापू नये, या मताचा मी आहे.

शेवटी तो गाणी घेऊन लंडनला निघतो. जाण्याआधी तिच्यासाठी एक पियानो विकत घेतो. ती घरात पियानोशी बसलेली, नजर खिडकीबाहेर, आणि कॅमेरा खिडकीतून मागे मागे सरकत जातो.