सुझनीतलं न जुळलेलं फूल

ही स्क्रीनवरची चादर बघा जरा. फुलं, वेली नंतर, आधी हा मधला सांधा बघा, थांबा झूम करते. फुलाचा डावा अर्धा डाळिंबी, उजवा जरा विटकरी आणि शिवाय बोटभर खाली सरकलेला. माझी आजी असती तर म्हणाली असती, उसव आणि परत घाल!

तर ही सुझनी, म्हणजे रेशमाने भरतकाम केलेली चादर. आत्ताच्या उझबेकिस्तानातली, बुखारा, नुराता, शहरिसब्झ ही तिची गावं, आणि म्युझियममध्ये जुन्या म्हणून ज्या दिसतात त्या बहुतेक १८व्या-१९व्या शतकातल्या. फारसीत सुझन म्हणजे सुई, काश्मिरी शालीवरचं सोझनी काम म्हणतो ना आपण, त्यातली सुईपण हीच.

आता फूल चुकलं कसं? तर माग अरुंद, त्यावरचं सुती कापड, करबोस म्हणतात त्याला, हातभरसुद्धा रुंद निघायचं नाही, मग अशा ४ ते ६ पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडायच्या, कलमकश म्हणजे गावातली जाणती बाई बोरूने त्यावर अख्खं डिझाईन काढून द्यायची, आणि मग गंमत बघा, पट्ट्या परत उसवायच्या! एक आईकडे, एक मावशीकडे, एक बहिणीकडे. कुणाचा टाका घट्ट, कुणाचा सैल, कुणाचं रेशीम वेगळ्या घाण्यात रंगवलेलं. सगळ्यांचं भरून झालं की पुन्हा जोडायचं, आणि अर्धं फूल अर्ध्या फुलाला भेटायचं, पण जरा चुकूनच.

टाका पण बघाच, बसमा. दोरा आकाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा टाकायचा आणि परत येताना त्याच दोऱ्याने बारीक तिरके टाके घालत तो दाबत यायचं. महागाचं रेशीम सगळं वरच दिसतं, मागे फुकट जात नाही. हुशार बायका!

निळा रंग बुखाऱ्यातले ज्यू रंगारी करायचे, लाल बराचसा मंजिष्ठेचा. १८६८ नंतर रशियाचा वरचष्मा आला, मागोमाग केमिकल रंग आले, ते भडक जांभळे मला नाही झेपत, सॉरी.

आणि हे सगळं कशासाठी, तर मुलीच्या लग्नासाठी, आपलं रुखवतच समजा, फक्त तयारी ती पाळण्यात असल्यापासून. नवरीच्या अंथरुणावरच्या चादरीला रुइजो म्हणतात, तिच्या तीन बाजू भरलेल्या आणि मधला भाग कोरा.

जाता जाता हा कोपरा बघा. वेलीची शाईची रेघ दिसतेय, रेशीम नाहीच. कुणी म्हणतं नजर लागू नये म्हणून मुद्दाम सोडलंय, कुणी म्हणतं उरलेलं मुलीने पुरं करावं म्हणून. मला विचाराल तर काही घरांत लग्नाची तारीखच उद्यावर आली असणार!